शुश्रूषेचा रोजमेळ : परिचर्येच्या विद्यार्थ्यांचे संशोधन आणि आपली घरे

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ जुळला पाहिजे, उधारी कितीही तोंडपाठ असली तरी ती खतावणीत उतरली पाहिजे, हे संस्कार लहानपणीच होतात. मात्र त्याच घरातील वडील किंवा सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तर रात्री ताप किती वाजता चढला, दिवसभरात पाणी किती पोटात गेले, दुपारची गोळी जेवणाआधी दिली की नंतर, याची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही. सेवेत उणीव असते असे नाही. घरातील सुना-मुली रात्र रात्र जागतात. उणीव असते ती त्या जागरणातून मिळालेले ज्ञान टिपून ठेवण्याची.

आधुनिक परिचर्याशास्त्राचा प्रारंभ याच टिपणातून झाला. आज परिचर्या महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला पदवीपूर्वी लहानसे का होईना, एक संशोधन करावे लागते, हे आपल्यापैकी अनेकांच्या कानावरही नसेल. हे संशोधन काय असते, त्याने रुग्णसेवेत काय पालटते आणि आपल्या कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध येतो, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या परंपरेत रुग्णसेवा हे केवळ लौकिक कर्तव्य मानलेले नाही. वैयावृत्त्याची गणना अभ्यंतर तपात केली आहे आणि ज्यांची सेवा करावयाची त्या दहा जणांत ‘ग्लान’, म्हणजे रोगाने क्लांत झालेला साधू, याचा स्वतंत्र उल्लेख आहे. तपाला जशी जागरूकता लागते, तशीच ती शुश्रूषेलाही लागते. परिचर्येचे संशोधन म्हणजे त्या जागरूकतेला लावलेली शिस्त होय.

आकड्यांनी बोलणारी परिचारिका

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी स्त्री, एवढेच त्यांचे चित्र आपल्या मनात असते. त्यांचे खरे सामर्थ्य मात्र त्यांच्या वहीत होते.

क्रिमियन युद्धाच्या काळात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात त्या काम करीत होत्या. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल झालेल्या सैनिकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले होते. मार्च महिन्यात सरकारने पाठविलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, कोंदट दालनांत हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने नाइटिंगेल यांनी या मृत्यूंची मांडणी केली. तेव्हा स्पष्ट झाले की, शत्रूच्या गोळीने मेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या संसर्गाने गेले होते. ही गोष्ट मंत्र्यांना आणि सेनापतींना एका दृष्टिक्षेपात कळावी म्हणून त्यांनी रंगीत वर्तुळाकृती आलेख काढले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्या कधीही हिंदुस्थानात आल्या नाहीत. तरीही येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्याविषयीच्या १८६३ च्या शाही आयोगाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. शेकडो छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून मागवून, आलेल्या माहितीची छाननी करून त्यांनी पाणी, गटारे आणि दाटीवाटी यांवर बोट ठेवले. प्रश्न विचारणे, उत्तरांची नोंद करणे, नोंदींची तुलना करणे आणि मग उपाय सुचवणे हीच वाट आजचा परिचर्येचा विद्यार्थीही चालत असतो.

महाराष्ट्राने घातलेला पाया

आपल्या महाराष्ट्रात हे क्षेत्र उभे राहिले ते अनेकांच्या त्यागातून. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रुग्णांना स्वतः उचलून आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिरजेच्या मिशन रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले होते. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम आरंभले आणि ससून रुग्णालयाच्या आधाराने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळण्याची वाट मोकळी केली. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावणे हे त्या काळी अनेकांना अप्रशस्त वाटे. रमाबाईंनी तो संकोच पत्करला आणि ओलांडला. हा संकोच आज कितपत उरला आहे, या प्रश्नाकडे पुढे वळू.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाला नियमांची चौकट मिळाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. १९९८ पासून नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातील परिचर्या पदवी शिक्षणाचे नियमन करीत आहे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगमध्ये ‘परिचर्या संशोधन व संख्याशास्त्र’ हा स्वतंत्र विषय असून विद्यार्थ्यांना एक संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला तर स्वतंत्र प्रबंधच सादर करावा लागतो.

विद्यार्थी नेमके करतात काय?

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या मधोमध आंबिवली आहे. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एन.आर.सी.’मुळे, या परिसराला अनेक दशके ओळख होती. २००९ साली कारखाना बंद पडला. वस्ती मात्र राहिली आणि वाढली. येथील माणूस गंभीर आजारी पडला की कल्याणचे महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, ठाणे, नाहीतर लोकलने थेट परळ वा शीव गाठावे लागते. काही दिवसांनी तो डिस्चार्जचा कागद आणि औषधांची पिशवी घेऊन घरी परततो. तेथून पुढची परिचारिका घरचीच असते.

अशा गावात परिचर्येचे विद्यार्थी सामुदायिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी आले, तर त्यांचे संशोधन कसे आकार घेईल, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, घरोघरी फिरताना त्यांच्या लक्षात आले की मधुमेह असलेले दुकानदार दिवसातील बराच वेळ अनवाणी असतात. दुकानाच्या गादीवर चढताना चप्पल खाली, घरात चप्पल नाही, मंदिरात तर नाहीच. मधुमेह जुना झाला की पायांच्या शिरांची संवेदना मंदावते. टाचणी टोचली, वैशाखातील तापलेली फरशी भाजली, तरी कळत नाही. फोड येतो, चिघळतो आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. येथे विद्यार्थ्यांचा प्रश्न तयार झाला : या दुकानदारांना पायाच्या निगेविषयी काय ठाऊक आहे आणि शिकवल्याने त्यांच्या सवयीत फरक पडतो का?

मग येतो नमुना निवडण्याचा प्रश्न. धान्याच्या पोत्याची पारख करताना जाणता व्यापारी केवळ वरचे दाणे पाहून भाव करीत नाही. तो मधूनही मूठ काढून पाहतो. विद्यार्थ्यांनाही हेच शिकवतात. ओळखीच्या दहा घरांत जाऊन काढलेला निष्कर्ष साऱ्या गावाला लागू होत नाही. ठरावीक पद्धतीने माणसे निवडून, त्यांना हेतू समजावून, त्यांची लेखी संमती घेऊनच प्रश्न विचारावे लागतात. नाव कोठेही उघड करता येत नाही. अभ्यासाचा आराखडा आधी नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो आणि नकारामुळे उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये, हा नियम असतो.

त्यानंतर शिकवण्यापूर्वीची चाचणी होते. कोणी पाय रोज पाहतो का, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो का, नखे कशी कापतो, हे विचारले जाते. नायलॉनचा एक बारीक, ठरावीक दाबाने वाकणारा तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासता येते. मग चित्रे दाखवून, आरसा खाली धरून तळवा कसा पाहायचा हे करून दाखवून शिकवले जाते. काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घेतात. आधीच्या आणि नंतरच्या गुणांतील फरक केवळ योगायोगाचा नाही ना, हे संख्याशास्त्राच्या कसोटीने पाहतात. आपल्या भाषेत सांगायचे तर आरंभीची शिल्लक, मधला व्यवहार आणि अखेरची शिल्लक यांचा हा ताळेबंद असतो.

पाठीवरची एक जखम आणि तिचे शास्त्र

लहान वाटणाऱ्या प्रश्नातून केवढे ज्ञान निघते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे शय्याव्रण, ज्याला आपण सारे ‘बेडसोर’ म्हणतो. एकाच कुशीवर दीर्घकाळ पडून राहिल्याने हाडाच्या उंचवट्यावरील त्वचा आणि गादी यांच्यामध्ये रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोहोचत नाही आणि त्वचा मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे ही त्याची नेहमीची ठिकाणे.

पूर्वी परिचारिका अशा रुग्णाच्या पाठीला निरनिराळी द्रावणे, स्पिरिट, मलमे, पावडरी चोळत असत. आपल्या घरांतून ती पद्धत आजही दिसते. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून पुढे आले की, चोळण्याच्या द्रव्यांपेक्षा रुग्णाची कूस ठरावीक अंतराने पालटणे हेच महत्त्वाचे आहे. कोणाला धोका अधिक आहे हे आधीच ओळखता यावे म्हणून त्यांनी शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालण्याफिरण्याची क्षमता, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा अशा पाच गोष्टींना गुण देणारी मोजपट्टी तयार केली. पुढे १९८७ साली अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली; तीही आज जगभर वापरात आहे.

या संदर्भात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्याच रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये भीषण हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणासंबंधीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालात या परिचारिकांचा मनःपूर्वक गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण झालेला नव्हता, हीदेखील त्या वेळी सर्वांच्या मनावर ठसलेली बाब होती.

ज्याने घरी महिनाभर जरी अंथरुणावरचा रुग्ण सांभाळला असेल, त्यालाच या एका वाक्याचे वजन कळेल. एवढी दशके व्रण होऊ न देणे हा चमत्कार नव्हे. रोज, प्रत्येक पाळीत, न चुकता केलेल्या शेकडो लहान कृतींची ती बेरीज आहे. या कृती कोणत्या, किती अंतराने, कोणत्या क्रमाने करायच्या, हे हातातून हातात गेले, म्हणून ती परंपरा टिकली. परिचर्येचे संशोधन असे हातातले ज्ञान कागदावर आणते, मग ते परळच्या वॉर्डातून आंबिवलीच्या चाळीतही पोहोचू शकते.

घरच्यांनी यातून घ्यायचे ते इतके : रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, अथवा डॉक्टर-परिचारिका सांगतील त्या अंतराने. चादर चुरगळलेली व ओली राहू देऊ नये. लालसर झालेल्या हाडाच्या जागी जोराने चोळू नये. मध्ये भोक असलेली कडी खाली ठेवण्याची जुनी पद्धतही आता योग्य मानत नाहीत, कारण कडेच्या भागावर दाब उलट वाढतो. आणि रोज स्नानाच्या वेळी पाठ, खुबे व टाचा उजेडात पाहाव्यात.

गडचिरोलीच्या वह्या

मोजण्याचे हे सामर्थ्य मोठमोठ्या पदव्यांवरच अवलंबून असते, असे समजण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांनाच नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि हे सारे टिपून ठेवणे त्या शिकल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि शेजारच्या ४७ गावांशी त्याची तुलना केली गेली. नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरभेटींची योजना आली, तिच्या मुळाशी या अनुभवाचा आधार आहे. खेड्यातील स्त्रीच्या हाती मोजण्याचे साधन आणि वही आली, की केवढे स्थित्यंतर घडते, याचा हा पुरावा होय.

आपल्या घरांतील न विचारलेले प्रश्न

आता आपल्या कुटुंबांकडे पाहू. आपल्या आहारविहाराचे, व्रतांचे काही विशेष आहेत. रुग्णालयातील डॉक्टरांना आणि परिचारिकांना ते ठाऊक असतीलच असे नाही आणि आपणही संकोचाने ते सांगत नाही.

चौविहार पाळणाऱ्या वडिलांना रात्री नऊला घ्यायची गोळी लिहून दिलेली असते. ती ते सूर्यास्तापूर्वी घेतात, घेतच नाहीत, की पाण्यावाचून गिळतात? संध्याकाळचे इन्सुलिन घेतले आणि भोजन मात्र नेहमीपेक्षा कमी झाले, तर मध्यरात्री साखर उतरू शकते : दरदरून घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे, प्रसंगी शुद्ध हरपणे. अशा वेळी तोंडात साखर घालायची की नाही, यावर घरात वाद घालण्यास अवधी नसतो. पर्युषणातील उपवास, आयंबिल, वर्षीतप यांच्या काळात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या औषधांचे काय करायचे, हाही असाच प्रश्न आहे. औषध स्वतःच्या मनाने बंद करणे वा वेळ बदलणे धोक्याचे असते. व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पच्चक्खाणात आगारांची, म्हणजे अपवादांची, तरतूद आहे. आपल्या प्रकृतीसाठी त्याचा अर्थ काय, हे गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावे. दोघांचीही उत्तरे घरातील सर्वांना ठाऊक असावीत.

हे प्रश्न परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचे उत्तम विषय आहेत. सूर्यास्तानंतर काही न घेणारे किती रुग्ण आपली ही सवय दाखल होताना सांगतात? परिचारिकेने दाखल करतानाच हा प्रश्न विचारला, तर चुकलेल्या मात्रा कमी होतात का? घरी जाताना दिलेल्या सूचना रुग्णाकडूनच पुन्हा वदवून घेतल्या, तर त्या अधिक पाळल्या जातात का? सूचनापत्र मराठीबरोबर गुजराती वा मारवाडी बोलणाऱ्या आजींना उमजेल अशा भाषेत दिले, तर काय फरक पडतो? असे अभ्यास करण्यास फार खर्च लागत नाही. लागते ती कुटुंबांची तयारी. विद्यार्थी दारी आले की ‘आत्ता वेळ नाही’ म्हणून आपण त्यांना वाटेला लावतो. त्याऐवजी दहा मिनिटे बसवून मोकळेपणाने उत्तरे दिली, तर तीही एक प्रकारची सेवाच ठरेल.

उणिवाही पाहू या

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे इष्ट नाही. बहुतेक प्रकल्पांची मांडणी एकाच साच्याची असते : अमुक विषयावर माहिती द्यायची आणि ती देण्यापूर्वीच्या व नंतरच्या ज्ञानाची तुलना करायची. शिकवल्यावर आठवड्याभरात विचारले तर गुण वाढणारच. परंतु हात कधी व कसे धुवावेत हे ठाऊक असणे आणि गर्दीच्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी ते धुणे, यांत मोठे अंतर आहे. व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले; तरी समकालीनांनी ते सहजी स्वीकारले नाही. ज्ञान आणि आचरण यांच्यामधील दरी ही आजची नाही.

म्हणून खरे मोजायचे ते आचरण. आणि त्याहून पुढे जाऊन, रुग्णाला त्याचा लाभ झाला का ते. दुसरी उणीव अशी की, पुष्कळ प्रबंध परीक्षा संपताच ग्रंथालयाच्या कपाटात विसावतात. ज्या वॉर्डातील रुग्णांनी वेळ दिला, त्या वॉर्डातील सिस्टरांनाही निष्कर्ष कळत नाही. प्रत्येक प्रकल्पाचा सारांश एका पानात, सोप्या मराठीत लिहून संबंधित वॉर्डात लावला आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तोच धागा पुढे नेला, तर चार-पाच वर्षांत त्या रुग्णालयापाशी स्वतःच्या अनुभवाचे भक्कम भांडवल जमेल.

दान कशाला द्यावे?

येथे एका नाजूक विषयाला स्पर्श करावा लागतो. आपल्या समाजाने रुग्णालयांना उदार हस्ते साहाय्य केले आहे. इमारतींवर, यंत्रांवर, रुग्णवाहिकांवर आपल्या पूर्वजांची नावे अभिमानाने झळकतात. परंतु त्या यंत्राशेजारी रात्री तीन वाजता कोण उभे असते आणि तिच्यावर किती रुग्णांचा भार असतो, हा प्रश्न दात्यांच्या सभेत क्वचितच निघतो.

परिचर्येच्या संशोधनाने याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. लिंडा एकन या परिचारिका-संशोधिकेने सहकाऱ्यांसह अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांची आणि १० हजारांहून अधिक परिचारिकांची माहिती त्यात होती. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली : पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, तर मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटते. तेथील परिस्थिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. परिचारिकांची संख्या आणि त्यांचे शिक्षण हा रुग्णाच्या जीविताशी जोडलेला विषय आहे.

मग दानाचा काही भाग परिचर्येच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी, त्यांच्या वसतिगृहासाठी, वॉर्डात केलेल्या उत्तम संशोधनाच्या पारितोषिकासाठी राखून ठेवता येणार नाही का? आपल्या विश्वस्तांनी साहाय्य देताना ‘येथे परिचारिका किती, त्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, त्यांना वेतन किती’ हे विचारले, तर ते अनाठायी ठरणार नाही. माल घेताना आपण वजन-माप पाहतो. जिवाच्या बाबतीत तरी ते पाहिलेच पाहिजे.

याहून कठीण प्रश्न आपल्या घरांतला आहे. मुलगी सी.ए. झाली, डॉक्टर झाली, संगणक अभियंता झाली तर पेढे वाटले जातात. तिने परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखवली तर? ‘रात्रपाळी’, ‘परक्यांची घाण’, ‘स्थळ कसे मिळेल’ हे शब्द आजही ऐकू येतात. रमाबाई रानड्यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या संकोचाशी झुंज दिली, तो आपल्या उंबरठ्याआड अजून शिल्लक आहे. शुश्रूषेला तप मानणाऱ्या परंपरेत तो असावा, ही विसंगती आहे. बारावीला विज्ञान शाखेतून जीवशास्त्र घेतलेल्या मुला-मुलींना चार वर्षांच्या पदवीचा मार्ग खुला असतो, पुढे एम.एस्सी., पीएच.डी., अध्यापन, संशोधन, रुग्णालय प्रशासन, सामुदायिक आरोग्य अशा वाटा फुटतात. मुलग्यांनाही हे क्षेत्र मोकळे आहे. निदान करिअर मार्गदर्शनाच्या आपल्या मेळाव्यांत एखाद्या अनुभवी परिचारिकेला व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे, एवढे तरी आपण या वर्षी करू शकतो.

आजपासून करता येण्याजोगे

ज्या घरात दीर्घकाळचा रुग्ण आहे, त्या घराने एक साधी वही घालावी. तारीख व वेळ, ताप, रक्तदाब, साखर, कोणते औषध, किती आणि कोणी दिले, काय खाल्ले, पाणी किती प्यायले, लघवी-शौच, कूस कधी बदलली, त्वचेवर कोठे लाली दिसते का, आणि शेवटच्या रकान्यात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. वही रुग्णाच्या उशाशी असावी आणि जो जवळ असेल त्याने लिहावे. घरातील पुरुषांनीही लिहावे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण रोजमेळ लिहिण्याचा सराव त्यांनाच अधिक असतो आणि रात्रीचे जागरण मात्र बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येते.

डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्यावी. दोन मिनिटांच्या भेटीत जे आठवत नाही, ते तिच्या पानांवर असते. औषधाची मात्रा कोठे चुकते, रात्रीचा ताप कशाशी जोडलेला आहे, हे तिच्यातून उलगडू शकते. आणि एखाद्या सकाळी पांढऱ्या वेशातील दोन-तीन विद्यार्थिनी खांद्याला पिशवी अडकवून दारी आल्या, तर त्यांना आत बोलवावे, पाणी द्यावे आणि ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तिच्यात सापडतील आणि कदाचित आपल्याला कधी न सुचलेला एखादा प्रश्न त्या आपल्याला विचारतील.